साठ मिनिटांतली सात मिनिटं

परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट आलं, पण पाच वर्षांच्या भाचीशी दोन वाक्यं धड बोलता येईनात! मग लावली प्रायव्हेट ट्यूशन. आणि तिथेही आधी वाटच लागली...

रविवार, दुपारचे साडेबारा. म्हणजे टोकियोत संध्याकाळचे चार. आमच्या घरी या वेळेला कुणी बाहेर जायचं नाही, कुकर लावायचा नाही आणि मिक्सर तर अजिबात नाही. कारण दादाचा व्हिडिओ कॉल येतो. आई साडी बदलून, चष्मा पुसून तयार असते.

त्या रविवारी मी आईपेक्षा जास्त तयार होते. आठवड्याभरापूर्वीच जपानी भाषेच्या 'एनफोर'चा निकाल लागला होता आणि मी पास झाले होते. आता भाचीला सरप्राइज द्यायचं होतं. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ती स्क्रीनवर आली आणि मी टेचात म्हटलं, 'क्यो वा नानि ओ शिमाशिता का?' आज काय केलंस?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वहिनीकडे वळली आणि म्हणाली, 'आत्याचान, सेन्सेई मितइ!'

दादा फुटला. वहिनीने तोंडावर हात ठेवला. अर्थ असा, की आत्या शाळेतल्या बाईंसारखी बोलतेय! मी जे वाक्य पाठ केलं होतं, त्याचा मराठीत खरा अनुवाद होता, 'आज आपण काय केलेत?' आता विचार करा, पाच वर्षांच्या पोरीला कुणी 'आपण काय केलेत' म्हणतं का? पुस्तकात आधी सभ्य भाषा शिकवतात, 'मास' आणि 'देस'वाली. घरात पोरंटोरं जे बोलतात, ते नंतर येतं. आणि आलं तरी आम्ही ते परीक्षेपुरतंच वाचतो.

मग तिने काढलेलं चित्र दाखवलं. मला म्हणायचं होतं, 'कावाईई', म्हणजे गोड. तोंडातून गेलं 'कोवाई'. म्हणजे भीतीदायक. तिने चित्र मागे घेतलं आणि ती खोलीतून निघून गेली.

कॉल संपल्यावर आई म्हणाली, 'काय गं, एवढे पैसे भरून तू काय शिकलीस?'

प्रश्न सॉलिड होता.

पास झाले, पण...

थोडा फ्लॅशबॅक. दादा आयटीत आहे आणि टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहतो. एदोगावा वॉर्डातला हा भाग तिथल्या भारतीयांचा अड्डा म्हणूनच ओळखला जातो. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निवडणुकीत जिंकून नगरसेवक झाले, तो हाच वॉर्ड. भाचीचा जन्म तिथलाच. दादा-वहिनी दोघंही नोकरी करतात, त्यामुळे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'होइकुएन'मध्ये असते. होइकुएन म्हणजे आपल्याकडचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. तिथे सगळं जपानी. तीन वर्षांची होईपर्यंत ती आमच्याशी मस्त मराठी बोलायची. मग एकेक शब्द गळत गेला. आधी 'दूध'चं 'ग्यून्यू' झालं, मग 'नको'चं 'इया'. चार वर्षांची झाली तेव्हा तिला आमचं सगळं समजायचं, पण उत्तर जपानीत यायचं. आई स्क्रीनकडे बघून नुसती हसायची. कॉल संपला की म्हणायची, 'फार छान दिसते गं.' म्हणजे ऐकायला काही उरलंच नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, आपण जपानी शिकायचं! मी मास कॉम केलं ते रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात. पत्रकारितेचा विभाग आणि परकीय भाषांचा विभाग एकाच कम्पाउंडमध्ये. दोन वर्षं मी त्या वर्गांच्या खिडकीखाली उभी राहून चहा प्यायले, पण आत जायची बुद्धी काही झाली नाही. आता फ्रीलान्सिंगच्या धावपळीत वीकेण्डची एक बॅच जॉइन केली. वर्गात तिसेक जण. आयटीवाले, ऑटो कंपन्यांतले इंजिनीअर, दोन-तीन कॉलेजची मुलं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आधी एनफाइव्ह, मग एनफोर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही 'जेएलपीटी' परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. एनफाइव्ह सगळ्यात सोपी, एनवन सगळ्यात अवघड. एनफोरला १८० पैकी ९० मार्क मिळाले की पास, फक्त शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेत. सगळे प्रश्न पर्यायवाले. आणि खरी गोम ही, की या परीक्षेत बोलायचा पेपरच नाही. एनफाइव्हपासून एनवनपर्यंत, कुठेच नाही! म्हणजे एक वाक्यही न बोलता तुम्ही सगळ्या पायऱ्या चढून वर जाऊ शकता. मी दोन चढले होते. तोंड बंद ठेवून.

सातशे रुपये तास

मग एका मैत्रिणीने सेन्सेईंचा नंबर दिला. 'सेन्सेई' म्हणजे बाई किंवा सर. तिकडे डॉक्टरलाही सेन्सेई म्हणतात. या आमच्या सेन्सेई कर्वेनगरला राहतात. एका कंपनीत वर्षानुवर्षं टेक्निकल भाषांतर केलं, आता रिटायर्ड आहेत, घरी एकेकाला शिकवतात. फी तासाला सातशे. फ्रीलान्सरला सातशे रुपये म्हणजे काय, ते फ्रीलान्सरलाच विचारा. पण वन-टू-वन आहे ना, मग दोन महिन्यांत फाडफाड बोलू, असा माझा हिशेब.

पहिले आठ तास मी अगदी आदर्श विद्यार्थिनी होते. वेळेवर जायचे. वही उघडायची. सेन्सेई समजावायच्या, मी लिहून घ्यायची. मध्येच त्या काहीतरी भन्नाट गोष्ट सांगायच्या आणि मी खूश होऊन ऐकायची. उदाहरणार्थ, जपानी बाराखडीचा क्रम बघा : अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? बौद्ध भिक्षूंबरोबर आपला वर्णक्रम तिकडे गेला, त्याचा हा ठसा आहे! मी 'वॉव' म्हणून ते वहीत लिहिलं, वर चांदणी काढली. घरी येताना वाटायचं, आज काय मस्त तास झाला!

नवव्या तासाला सेन्सेईंनी वही मिटायला सांगितली.

'मागच्या तासाला मी तुला विचारून रेकॉर्ड केलं होतं, आठवतंय?' त्या म्हणाल्या. 'काल मी घड्याळ लावून ऐकलं. साठ मिनिटांत तू जपानी किती बोललीस, सांग.'

मी अंदाजाने म्हटलं, 'वीस मिनिटं?'

'सात. त्यातही दोन मिनिटं एत्तो-एत्तो.' ('एत्तो' म्हणजे आपलं 'अं... ते हे...')

मी गप्प.

'तुझी काही चूक नाही गं. मी बोलघेवडी आहे आणि तू पत्रकार आहेस. तुला ऐकायची सवय, मला सांगायची. आपलं छान जमतं. पण तू सातशे रुपये देऊन माझं जपानी सुधारतेयस!'

घरी येताना सिग्नलला मी गणित केलं. आठ तासांचे पाच हजार सहाशे. एका तासात सात मिनिटं, म्हणजे मिनिटाला शंभर रुपये! त्या भावात मी काय बोलले होते? 'हाय, सोओ देस.' हो, बरोबर आहे.

तुला नक्की काय हवंय?

पुढच्या वेळी सेन्सेईंनी एकच प्रश्न विचारला. 'तुला काय यायला हवंय?'

'फ्लुएंट बोलता यायला हवं.'

'हे उत्तर नाही. फ्लुएंट म्हणजे कुणाशी, कुठे, कशाबद्दल?'

मी त्यांना सगळा किस्सा सांगितला. आपण काय केलेत, कोवाई, मागे घेतलेलं चित्र. सांगता सांगता मलाच कळलं, की मला हॉटेलात ऑर्डर द्यायची नाहीये, कंपनीत मीटिंग घ्यायची नाहीये, एनथ्रीचीही घाई नाहीये. मला रविवारी दुपारी वीस मिनिटं एका पाच वर्षांच्या मुलीशी गप्पा मारायच्या आहेत. बास.

सेन्सेईंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ते मराठीतच लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. 'आता आपल्याला दिशा आहे,' म्हणाल्या.

तुमच्यापैकी कुणी फ्रेंच शिकत असेल, कुणी जर्मन, कुणी ऑफिसातल्या प्रेझेंटेशनसाठी इंग्लिश. जे काही असेल ते, पण ट्यूशनच्या पहिल्याच दिवशी हे एक वाक्य शिक्षकांच्या हातात द्या. नाहीतर ते बिचारे पुस्तकातला पुढचा धडा घेतात. दुसरं करणार काय?

मग आमच्या तासाचं रूपच बदललं. कान्जी, शब्दांची यादी, व्याकरणाचे नियम हे सगळं घरी. जे एकटीला करता येतं, ते सेन्सेईंसमोर बसून करायचं नाही. कान्जी गिरवायला अॅप आहे, शब्दांना कार्डं आहेत, आता तर चॅटबॉटशीही बोलता येतं. तो रात्री एक वाजताही कंटाळत नाही. पण मी अडखळले की समोर खुर्चीत बसून, चहाचा कप हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत थांबणारं माणूस अॅपमध्ये मिळत नाही. सातशे रुपये त्या थांबण्याचे होते.

आणि थांबणं म्हणजे अक्षरशः थांबणं हं. मी वाक्यात अडकले की सेन्सेई लगेच शब्द सुचवायच्या. आम्ही ठरवलं, की मनात दहा आकडे मोजेपर्यंत त्या काही बोलणार नाहीत. पहिल्यांदा ते दहा आकडे म्हणजे मरण वाटलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. पण सहा-सात आकड्यांपर्यंत कुठून तरी शब्द यायचा. कधी चुकीचा, पण यायचा.

चुकांचंही तसंच. आधी त्या प्रत्येक चूक जागच्या जागी दुरुस्त करायच्या आणि माझं वाक्य तिथेच गतप्राण व्हायचं. आता मी बोलत असताना त्या कागदावर टिपून ठेवतात. शेवटची दहा मिनिटं त्या कागदाची. मी त्यासाठी वेगळी वही केली आहे, 'चुकांची वही'. पान पहिलं, चूक पहिली : 'ओबासान' आणि 'ओबाssसान'. पहिला शब्द म्हणजे मावशी, काकू, आत्या, मामी, सगळ्या एकातच! दुसरा म्हणजे आजी. फरक फक्त 'बा' किती लांबवायचा एवढाच. मी फोनवर भाचीला तीनदा सांगितलं होतं, 'मी तुझी आजी.' आणि शेजारी खरी आजी बसलेली!

ही चूक का होते, ते सेन्सेईंनी लगेच पकडलं. 'तू देवनागरीत लिहून घेतेस ना? आपला 'बा' दीर्घच. मग त्याहून दीर्घ कसा लिहिणार?' त्या दिवसापासून वहीत देवनागरीत जपानी शब्द बंद. सगळं हिरागानात. मराठी शिक्षक असण्याचा हा फायदा. आपला पाय कुठे घसरणार, ते त्यांना आधीच माहीत असतं, कारण तिथे त्या स्वतः घसरलेल्या असतात.

खाऊन बघ, घेऊन ठेव

आणि पाय कुठे घट्ट रोवलेला आहे, तेही त्यांना माहीत असतं! ग्रुप क्लासमध्ये आम्ही सगळं इंग्लिशमधून शिकलो होतो. इंग्लिशमधून जपानी शिकणं म्हणजे कर्वेनगरहून कोथरूडला हडपसरमार्गे जाणं. सेन्सेईंनी एक दिवस तीन वाक्यं लिहिली. 'ताबेते मिरु.' 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'मिरु' म्हणजे बघणे. अर्थ : खाऊन बघणे! 'कात्ते ओकु.' 'ओकु' म्हणजे ठेवणे. अर्थ : विकत घेऊन ठेवणे! 'ताबेते शिमाउ' : खाऊन टाकणे! माझ्या जुन्या वहीत या तिन्हींवर इंग्लिशमध्ये तीन पानं नोट्स होत्या. मराठीत तीन सेकंदांत खेळ खल्लास.

क्रियापद शेवटी, तिकडेही आणि इकडेही. 'ला', 'ने', 'त' शब्दाच्या मागून लावायचे, तिकडेही तेच. वाक्याच्या शेवटी आपण 'छान आहे ना?' म्हणतो, ते 'ने?' म्हणतात. 'त्सु' हा उच्चार दिल्लीच्या मित्राला जमता जमत नाही. आपण 'चूक' म्हणतो तेव्हा जीभ जिथे जाते, जवळपास तिथेच तो आहे. म्हणजे 'चूक' म्हणता येणाऱ्याला 'त्सु' येतो. आमच्या चुकांच्या वहीवर मी हे वाक्य मोठ्ठं लिहून ठेवलं आहे.

वहिनीचा फोन

तीन महिन्यांत फरक दिसायला लागला. मी 'क्यो, नानि शिता नो?' म्हणायला लागले, म्हणजे साधं सरळ 'आज काय केलंस?' आणि भाची उत्तर द्यायला लागली. लांबलचक! निम्मं डोक्यावरून जायचं, पण निम्मं कळायचं. ती मला शाळेतलं सांगायची, मी आईला मराठीत सांगायची. माझी कॉलर एकदम टाइट!

आणि एका रात्री वहिनीचा फोन आला. एकटीचा.

'रागावणार नसशील तर एक बोलू?' ती म्हणाली. 'तिच्या आयुष्यात जपानी बोलणारी माणसं खूप आहेत गं. मराठी बोलणारी मोजून सहा. आम्ही दोघं, माझे आई-बाबा, तुमच्या आई आणि तू. आता तूही तिच्याशी जपानी बोलायला लागलीस, तर उरले पाच.'

मी काही बोलले नाही. दहा आकडे मोजले, तरी शब्द आला नाही.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नव्हती. दिवसभर ऑफिस करून, लोकलमध्ये उभं राहून घरी येऊन ती रोज रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवते. पोरगी जपानीत उत्तर देते, तरी ती मराठीतच पुढचा प्रश्न विचारते. एकटीने किल्ला लढवतेय आणि मी बाहेरून दरवाजा उघडून दिला होता. वर मला वाटत होतं, मी केवढं प्रेमाने करतेय!

पुढच्या तासाला मी सेन्सेईंना म्हटलं, 'बंद करू या का?'

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. चहा ओतला. मग म्हणाल्या, 'माझा नातू अमेरिकेत असतो. मी हट्टाने त्याच्याशी फक्त मराठी बोलायचे. तो हट्टाने गप्प बसायचा. तीन वर्षं. मी भाषेची शिक्षिका, पण माझ्या नातवाला काय आवडतं हे मला त्याच्या आईकडून कळायचं. तुझ्या वहिनीचं चुकत नाही. पण तू सहावी आहेस ना? मग सहावी गप्प बसून काय उपयोग? ती तुझ्याशी बोलेल कशी, ते आधी बघ. कुठल्या भाषेत, ते मग बघू.'

त्या रविवारच्या आधी मी वहिनीला फोन केला आणि म्हटलं, मला थोडा वेळ दे. नियम तू ठरव. तिने ठरवला : दहा मिनिटं आत्याची, दहा मिनिटं मराठीची. आत्याच्या दहा मिनिटांत भाची सेन्सेई, मी विद्यार्थिनी. मराठीच्या दहा मिनिटांत उलट.

दान्गोमुशी

सेन्सेई व्हायचं म्हटल्यावर पोरगी हवेत! खरोखरच उशीला टेकून बसली, हातात पट्टी घेऊन. त्या दिवशी तिला बागेत 'दान्गोमुशी' सापडला होता. हा शब्द माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. मी म्हटलं, 'दान्गोमुशीत्ते नानि?' म्हणजे दान्गोमुशी म्हणजे काय?

तिने जपानीत सांगितलं. मला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. नेहमी अशा वेळी दादा मध्ये तोंड घालतो. मी त्याला खूण केली, थांब. आणि मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन...

सातवर ती वैतागून म्हणाली, 'अगं, किडा! असा... हात लावला की... गोल होतो!'

मराठीत. पूर्ण वाक्य. वर 'अगं' सकट!

आईने माझा हात घट्ट धरला. वहिनी कॅमेऱ्याच्या बाहेर होती, पण मला तिचा 'अय्या' ऐकू आला.

मला तेव्हा एक गोष्ट लख्ख कळली. आजवर आम्हा सगळ्यांशी मराठी बोलायची तिला गरजच नव्हती. दादा-वहिनीला जपानी येतं, आजी नुसती हसते. पण ही आत्या अर्धवट आहे. तिला जपानी येतं, पण पुरतं येत नाही. तिला समजवायचं तर मराठी काढावंच लागतं! माझं एनफोरचं मोडकंतोडकं जपानी पहिल्यांदाच कामी आलं, ते मोडकंतोडकं होतं म्हणून.

ती फडाफडा मराठी बोलायला लागली, असं काही सांगणार नाही. ते खोटं होईल. अजूनही दहा वाक्यांतली सात जपानी असतात. काही रविवारी मूड नसतो, मग मराठीची दहा मिनिटं दोनवर आटोपतात. वहिनीची काळजी संपलेली नाही आणि ती रास्तच आहे. पण आम्हाला एक खेळ सापडलाय. मी सेन्सेईंकडे 'गुरि तो गुरा' नावाचं चित्रांचं पुस्तक वाचते. १९६७ मधलं पुस्तक आहे, जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या वाचलं जातं. दोन शेतातले उंदीर, त्यांना एक भलंमोठं अंडं सापडतं आणि ते त्याचा केक करतात. तेच पुस्तक भाचीकडेही आहे. मग आवाजांचा खेळ. जपानीत पाऊस पडतो 'झाssझाss', आपला पडतो धो धो. त्यांचे ढग 'गोरोगोरो' करतात, आपले गडगडतात. त्यांचं काहीही 'पिकापिका' असतं, आपलं चकचकीत. या बाबतीत दोन्ही भाषा इतक्या श्रीमंत आहेत, की खेळ संपतच नाही. या खेळात आईसुद्धा आहे. 'लुसलुशीत'ला जपानीत काय, हे मागच्या रविवारी तिने विचारलं आणि भाचीने सांगितलं, 'फुवाफुवा!' आता आमच्या घरी पोळ्या फुवाफुवा होतात.

परवाच्या तासाला सेन्सेईंनी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. साठ मिनिटांतली चौतीस माझी. एत्तो-एत्तो धरून.

रविवारी मी भाचीला ते अभिमानाने सांगितलं. तिने पट्टी उचलली, माझ्याकडे रोखून बघितलं आणि आधी जपानीत आणि मग, कुणी न सांगता, मराठीत म्हणाली, 'मग होमवर्क दाखव.'

ट्यूशन लावताय? हे करून बघा!

* 'फ्लुएंट व्हायचंय' असं सांगू नका. कुणाशी, कुठे, कशाबद्दल बोलायचंय, ते एका वाक्यात सांगा.

* दर महिन्याला एक तास शिक्षकांना विचारून रेकॉर्ड करा. घड्याळ लावून तुमची मिनिटं मोजा. निम्म्याहून कमी भरली तर काहीतरी गडबड आहे.

* शब्द, लिपी, व्याकरणाचे नियम घरी. तास फक्त तोंडासाठी.

* बोलत असताना टोकू नका, टिपून ठेवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत सांगा, अशी विनंती करा. चुकांची वेगळी वही ठेवा आणि पुढच्या तासाला जायच्या आधी ती एकदा वाचा.

* अडकलात तर दहापर्यंत मोजा. शिक्षकांनाही मोजायला सांगा.

* पुस्तकातला धडा त्यांचा, पण एक गोष्ट तुमची न्या. ऑफिसातला ई-मेल, आवडती रेसिपी, घरच्यांचा व्हॉइस मेसेज, काहीही.

* आठवड्यातून एकदा दोन तासांपेक्षा दोनदा एक-एक तास बरा. मधल्या दिवसांत डोकं त्यावर काम करत असतं.

* फी, सुट्टी, आयत्या वेळी रद्द झालेला तास यांबद्दल पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घ्या. नंतर संकोच होतो आणि संकोचात तोंड उघडत नाही.